अण्णांच्या मापाचे बूट

१४ सप्टेंबर, रविवार

लोक पैसे खर्चून डोंगर कशाला चढतात? आज जेवताना अण्णांनी हे विचारलं.

"वर काय मिळतंय?" ते म्हणाले.

"काही नाही. बघायचं आणि खाली यायचं."

"मग एवढं ओझं पाठीवर कामून?"

आई तव्याकडे बघतच म्हणाली, "तिला काय इचारता? तिनं तरी कुठं चढलाय डोंगर?"

खरं आहे. रावेतच्या या दुकानात मी पावसाळ्याआधीपासून आहे. तंबू, पाठीवरच्या सॅक, काठ्या, डोक्याला बांधायचे दिवे, बूट, सगळं विकते आणि स्वतः एकही गड चढलेली नाही. जिंतूर सोडून पुण्याजवळ चिखलीला आलो तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून सहलीच्या पैशांचा विषय आपणहून काढायचा नाही, हे मी शिकले होते. दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'डोंगर सगळ्यांचा आहे.' मला ते वाक्य मनापासून पटतं. माझ्याबरोबर काम करणारा रविराज म्हणतो, "त्या वाक्यानं किराणा येत नाही, मॅडम." तो तळेगावचा. सुट्टी मिळाली की कड्यांवर लटकत असतो.

आज रविवारची गर्दी होती. मांडून ठेवलेल्या तंबूत मारुंजीच्या एका जोडप्याचा लहान मुलगा झोपून गेला. त्याचे आईवडील बाहेर उभे राहून तंबूबद्दल नाही, शाळेच्या फीबद्दल भांडत होते. मग एकजण सॅक परत करायला आला. तळाला लाल माती, बंदात सुकलेलं गवत. म्हणाला, "वापरलीच नाही." आम्ही परत घेतली. गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, हा मृदुला मॅडमचा नियम. त्या दुकानाच्या मॅनेजर. आतून माणूस बरा आहे, पण विक्रीचा आकडा घसरला की आवाज चढतो.

दिवसभर उभं राहायचं असतं. बसायची बाकं आहेत, पण ती बूट घालून बघणाऱ्यांची. दुकान रिकामं असलं तरी आम्ही बसायचं नाही. हे मी घरी सांगितलेलं नाही. अण्णांनी त्यांच्या कंपनीच्या गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट ऑफिसात बसते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मला बुटांच्या विभागात घेतलं. रविराजनं शिकवलं. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय सुजतो. माणसाला उभं करून घ्यायचं आणि दोन्ही पायांचं घ्यायचं. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. मग दगड बसवलेल्या त्या लाकडी उतारावरून खाली चालवायचं. बोटं पुढे आपटली तर बूट लहान, टाच उचलली गेली तर मोठा.

"आणि हे लक्षात ठेव," तो म्हणाला, "दहातल्या आठ माणसांना स्वतःचा नंबर माहीत नसतो. पहिल्यांदा कुणीतरी दिला तोच धरून बसतात."

मला हे काम फार आवडलं. बी.कॉम. करून जे शिकले त्यानं कुणाचं दुखणं कमी होईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरी आले तर अण्णा घमेल्यात मिठाच्या पाण्यात पाय सोडून बातम्या बघत होते. हे मी लहानपणापासून बघत आलेय. आज पहिल्यांदा पाय बघितले. टाचा सोललेल्या. करंगळीचं नख काळं. त्यांचे कंपनीचे बूट उचलून बघितले. लोखंडी टोकाचे, आठ नंबरचे. पुढे जुन्या बनियनचा बोळा कोंबलेला.

"अण्णा, तुमचा पाय सहाचा आहे."

"असंल."

"मग बदलून का नाही मागितले?"

"मागितले की. येतील तवा देऊ म्हणला सुपरवायझर."

"कधी मागितले?"

"लागलो तवाच."

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज अण्णांची सुट्टी. त्यांना दुकानात बोलावलं होतं. धुतलेला पांढरा शर्ट घालून आले आणि दाराशीच थांबले. चपला बाहेर काढू लागले. मी धावत जाऊन आत आणलं. आपली लेक ऑफिसात बसत नाही, हेही त्यांनी आज बघितलं, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त मला विचारलं, "दिवसभर असंच उभं?" मी म्हटलं, "सवय झाली." त्यांनी मान हलवली.

बाकावर बसवून मी खाली बसले आणि मापाची पट्टी ठेवली. त्यांनी पाय मागे ओढला.

"लेकीनं बापाचे पाय धरायचे नस्तेत माय."

"मी लेक नाही आत्ता. दुकानातली आहे."

रविराज लांबून ओरडला, "काका, ती सगळ्यांचेच धरते! पगार त्याचाच आहे!" अण्णा लाजून हसले आणि त्यांनी पाय दिला. सहा नंबर, पण पंजा रुंद. चार जोड काढून बघितले. पाचवा बसला. गडद हिरवा, पिवळ्या नाड्यांचा. अण्णा उतारावरून खाली आले, परत वर गेले, परत खाली आले. मग कुणी न सांगता आणखी एकदा. चेहरा असा झाला होता की मृदुला मॅडमसुद्धा बघत राहिल्या.

"हे घालून जायचं तरी कुठं?" ते म्हणाले.

"कंपनीत."

"तिथं लोखंडी टोकाचे लागतेत."

मी पुढचा भाग दाबून दाखवला. बुटाच्या नाकावर जाड रबर आहे. "हेही टणक आहे, बघा. दगडावर आपटला तरी बोटाला काही होत नाही. हेच घालत जा. पाय आधी बरे होऊ देत."

आम्हाला कर्मचारी म्हणून सवलत मिळते. बिल दाखवलं नाही. नवे बूट पायातच घालून गेले. चपला खोक्यात.

१ ऑक्टोबर, बुधवार

अण्णांच्या टाचा भरून आल्या. घमेलं आता आई कपड्याला वापरते. आज खंडेनवमीची पूजा होती त्यांच्या शेडमध्ये. पत्रा दाबायच्या मशिनला, प्रेसला, हार घातले, पेढे वाटले. सुपरवायझरनं बूट बघितले आणि म्हणाला म्हणे, "काय अर्जुनराव, किल्ला जिंकायला निघालात का?" सगळे हसले. अण्णांनी त्याला सांगितलं, माझ्या लेकीनं माप घेऊन दिलेत.

हे सांगताना त्यांनी त्या सुपरवायझरची, मग स्वतःची नक्कल केली. त्यांना नकला येतात हे मला माहीत नव्हतं.

उद्या दसरा. उद्याही दुकान उघडं आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी परत आलेला एक तंबू मी घडी घालत होते. आत कुणाचातरी छोटा मोजा राहिला होता. तो हातात असतानाच फोन आला. उद्धवकाका होते. ते जिंतूरचेच, अण्णांच्याच लाइनवर कामाला. "पोरी, घाबरू नको," म्हणाले आणि तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

प्रेसचा साचा बदलताना साखळी सरकली. साचा डाव्या पायाच्या पंजावर पडला.

चाकणच्या दवाखान्यात पोचले तेव्हा अण्णा जागे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तुझे बूट घरी हायत. आज कंपनीचेच घातले होते."

उद्धवकाका खिडकीतून बाहेर बघत होते.

मला ऐकून इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. माणसाचा पाय चिरडलाय आणि मला पायात माझे बूट नव्हते याचं समाधान. पण खरं तेच लिहायचं ठरवलंय इथे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन बोटं काढली. अंगठा वाचला, डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळायला तो पुरेल.

अण्णांसाठी कपडे घ्यायला घरी आले. दाराशी हिरवे बूट दिसले नाहीत. आईला विचारलं.

"गावाकडं दिले पाठवून. तुझ्या मामाला."

"मामाचा पाय नऊचा आहे, आई."

"मग देईल तो कुणाला बी!" ती एकदम ओरडली. "पाय गेला माणसाचा आन् तुला बुटाचं पडलंय!"

 आई थकलीय. रोज मेसच्या पोळ्या लाटून मग दवाखान्यात येते. पण मनातून वाईट वाटलं. अण्णांना एवढे आवडले होते आणि दोन दिवसांत दुसऱ्याला देऊनही टाकले. पुन्हा कधी घालायचे नाहीत असं तिनं ठरवूनच टाकलं का?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. अण्णा परवा घरी आले. पाय उशीवर. आईनं रांगोळी काढली नाही, पणत्या लावल्या.

मी दुकानात. दिवाळीच्या सुट्टीत सगळं पुणं गडांवर निघतं. एका माणसानं घरातल्या सगळ्यांसाठी बूट घेतले, आजोबांसकट. आजोबांचा पाय हातात घेतला आणि मला पट्टीवरचा आकडाच दिसेना. रविराजनं काही न विचारता पट्टी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "जा, पाणी पी."

सुपरवायझर फळं घेऊन घरी येऊन गेला होता. आईला बाहेर पाठवून अण्णांशी बोलला. काय बोलला ते अण्णा सांगत नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक आपली होती. मान्य करून टाकलं."

"कसली चूक? साखळी त्यांची, साचा त्यांचा, बूट त्यांचे!"

"जाऊ दे की माय."

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज सुट्टी होती. कामगार कार्यालयात जाऊन आले. तिथले एक साहेब नीट बोलले. सुरक्षेचे बूट पुरवणं मालकाचं काम. ते घातलेले असूनही बोटं तुटली तर बूट निकृष्ट. ज्याला लागलं त्याच्या सहीचा अर्ज आणा, म्हणाले. अण्णांना भरपाई मिळू शकते आणि बसून करायचं काम मागता येतं. आत्ता तर ज्याच्याकडून अण्णा कामाला आहेत तो कंत्राटदार म्हणतोय, बरा झालास की बघू.

येताना मी इतकी हलकी झाले होते. बसमध्येच अर्जाचं पहिलं वाक्य तयार केलं. एवढं शिकून मी याच्यासाठी तर शिकले.

अण्णांनी सही करायला नकार दिला.

मी समजावलं. पुन्हा समजावलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. उद्धवकाका बसले होते. त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही साक्ष द्या. तुम्ही होतात ना तिथं?" ते म्हणाले, "पोरी, बाकी काय बी कर. त्या बुटाचा विषय काढू नको."

"तुम्ही सगळे एवढे घाबरता कशाला?"

 मग मी अण्णांना बोलले. म्हटलं, "आयुष्यभर असंच मान खाली घालून राहिलात, म्हणून आठ नंबरचे बूट घालावे लागले." आईनं माझ्याकडे बघितलं, तसं ती कधी बघत नाही.

बोलले ते कडू होतं, पण खोटं नव्हतं. मी माफी मागणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

अण्णा सही करत नाहीत, तर मी स्वतःच म्हाळुंग्याला त्यांच्या कंपनीत जाऊन कंत्राटदाराच्या लोकांना विचारायचं ठरवलं. घरी सांगितलं नाही. गेटवर नाव सांगितलं. तासाभरानं सुपरवायझर बाहेर आला. मला वाटलं होतं कुणी दांडगा माणूस असेल. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, डोळ्यांखाली काळं. माझ्यासाठी चहा मागवला.

मी ठरवून आणलेलं सगळं बोलले. निकृष्ट बूट. मालकाची जबाबदारी. तो ऐकत राहिला.

"ताई," शेवटी म्हणाला, "हे मला नका सांगू. बूट त्यांच्या पायातून कापून मीच काढले. हिरवे होते. पिवळ्या नाड्या. तुमच्याच दुकानातले ना? रोज सांगायचे आम्हाला."

बाहेर कंटेनर मागे घेत होते. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

तो घाईघाईनं बोलत गेला. बहुतेक माझा चेहरा बघून. "त्यांनी मला हात जोडले होते हो. म्हणाले, पोरीला यातलं काही कळू देऊ नका. तुम्ही म्हणाल तिथं चूक मान्य करतो. म्हणून तर मी गप्प होतो. तुम्ही तक्रार केली असती तर आम्हाला हे बाहेर काढावं लागलं असतं."

मी विचारलं, "तुम्ही बघितले होते ना बूट? खंडेनवमीला? मग थांबवलं का नाही?"

तो चहाकडे बघत म्हणाला, "थांबवून देऊ काय? सहा नंबर आमच्याकडे येतच नाही. सातही कधीतरी. एवढ्या माणसांची मापं कोण घेत बसणार?"

बस कुठली पकडली ते आठवत नाही. निगडीच्या स्टँडवर बसून राहिले.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज रविराजला विचारलं, बुटाच्या पुढचं ते रबर कशासाठी असतं.

"ठेच लागू नये म्हणून. समोरून दगड लागला तर."

"आणि वरून काही पडलं तर?"

"वरून?" तो हसला. "वरून पडलं तर मोजा आणि तो बूट सारखेच." मग त्याचं हसणं थांबलं. त्याला अण्णांचं माहीत आहे. उतारावरून परत परत चालणारे अण्णाही त्यानं बघितलेत. "दीपमाला," एवढंच म्हणाला. नेहमी मॅडम म्हणतो.

तो हे मला पहिल्याच दिवशी सांगू शकला असता का? मी विचारलंच नव्हतं. डोंगरावर वरून कोण साचा टाकतं?

संध्याकाळी गळ्यात कंपनीचं कार्ड असलेला एकजण आला. चाकणहूनच. "मजबूत द्या ताई, शिफ्टला घालायचेत. कंपनीचे लई चावतात." मी त्याला सांगितलं, हे त्यासाठी नाहीत, लोखंडी टोकाचेच घाला, पण मापाचे मागा, भांडा. तो म्हणाला, "भांडू कुणाशी?" आणि निघून गेला. कदाचित दुसऱ्या दुकानात.

मृदुला मॅडमनी बोलावलं. "हातातलं गिऱ्हाईक का घालवलंस?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं.  मी म्हटलं, बुटांपाशी एक पाटी लावू या, कारखान्यात वापरू नयेत म्हणून. त्या म्हणाल्या, पाट्या वरून ठरून येतात, मी विचारून बघते. मग म्हणाल्या, "तुला तंबूंकडे बदलू का?"

"नको," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरी कुणालाच काही बोललेले नाही. अण्णांसमोर जेवते. ते विचारतात, "गर्दी होती का?" मी म्हणते, "होती." ते माझ्याकडे बघून घेतात, मला कळलंय का ते ताडायला. आता मला ते बघणं कळतं. इतके दिवस मी त्याला भीती म्हणत होते.

मी त्यांना काय म्हणाले होते ते आठवतं. मान खाली घालून राहिलात.

दोन गोष्टी दिसतात. गप्प बसले तर त्यांना वाटत राहील की त्यांनी मला वाचवलं. एवढं एकच काम सध्या त्यांच्याकडे आहे. दिवसभर खाटेवर पडून ते तेच करतात. पण मग तक्रार नाही, भरपाई नाही, बसायचं काम नाही आणि त्या शेडमध्ये बाकीचे बोळे कोंबून उभे राहतील. तक्रार करायची तर खरं लिहावं लागेल. खरं लिहिलं तर ते त्यांच्या हातून काढून घेतल्यासारखं होईल.

आईला एकटीला गाठलं. तिनं माझा चेहरा बघितला आणि लाटणं खाली ठेवलं.

"कुणी सांगितलं?"

"मामाला पाठवलेच नाहीत ना?"

"कुठलं पाठवते. होतं काय पाठवायला?" ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून, "त्यांच्यापुढं रडू नको. रडायचं तर हितं रड." मी रडले. ती पोळ्या लाटत राहिली. मेसच्या होत्या, वेळेत द्यायच्या असतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी अण्णांच्या खाटेपाशी बसून अर्ज वाचून दाखवला. पूर्ण. मधलं काही गाळलं नाही.

'अपघाताच्या वेळी माझ्या पायात कंपनीचे बूट नव्हते. माझ्या मुलीने घेऊन दिलेले, डोंगरात चालण्याचे बूट होते. ते कारखान्यासाठी नसतात, हे तिला किंवा मला माहीत नव्हते. कंपनीचे बूट माझ्या मापापेक्षा दोन नंबर मोठे होते. कामाला लागल्यापासून मागूनही माझ्या मापाचे मिळाले नाहीत. मी दुसरे बूट घालतो हे सुपरवायझरने पाहिले होते. त्यांनी मला थांबवले नाही, कारण देण्यासाठी दुसरे नव्हते.'

अण्णा वर पत्र्याकडे बघत होते. म्हणाले, "उद्धव बोलला?"

"नाही. मी गेले होते तिकडं."

"कामून गेलीस?"

 मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते..."

"ते सोड. बापाला बोलतेतच लेकरं." मग जरा वेळानं, "ते मुलीचं काढून टाक. बाजारातून घेतले म्हण."

"नाही अण्णा."

"माझा पाय हाय. माझ्या नावानं लिहायलीस. मग माझं ऐक की."

"सुपरवायझरला माहीत आहे. सगळ्या लाइनला माहीत आहे. खोटं लिहिलं की ते आधी तेच उघडं पाडतील."

"कागद राहतो, माय. उद्या कुणी बी वाचंल. पोरीनं बापाचा पाय घालवला म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला म्हणू देत!" त्यांचा आवाज फाटला. "मला नाही चालत!"

आई दारात येऊन उभी राहिली. बाहेर कुणाचीतरी रिक्षा सुरू होत नव्हती, ते चालू होतं. अण्णांनी डोळ्यांवर आडवा हात घेतला. मला वाटलं संपलं, आता सही होत नाही. मी कागद घडी घालायला लागले.

"थांब," हात तसाच ठेवून ते म्हणाले. "लिहायचंच असंल तर आणखी एक लिही. ते बूट मला आवडले होते. तू सांगितलं म्हणून घालत नव्हतो. मला आवडले म्हणून घालत होतो. हे लिही."

"अण्णा, अर्जात असं..."

"मग सही करत नाही."

मी लिहिलं. 'सदर बूट मला आवडले होते व ते मी माझ्या मर्जीने घालत होतो.' त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग उठून बसले, पाय सांभाळत, आणि सही केली. त्यांची सही मोठी आहे, शाळेत गिरवल्यासारखी. कागदाच्या कडेपर्यंत गेली.

नंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी पाणी मागितलं, ते आईकडे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी कामगार कार्यालयात गेले. तेच साहेब होते. चष्मा लावून त्यांनी अर्ज वाचला. मधे एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "हे वाक्य नको. याचा अर्जाशी संबंध नाही. शिवाय 'माझ्या मर्जीने' आलं की तुमचीच बाजू लंगडी होते. समोरचे हेच धरून बसतील."

"ते वडिलांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"मग मुलीनं बूट दिले हे तरी कशाला? दोन्ही वाक्यं काढा. दुसरा कागद देतो, घरी जाऊन सही घेऊन या. केस सोपी होईल."

त्यांनी कागद पुढे केला. चांगल्या मनानं सांगत होते. मला ते पटतही होतं. काही वेळ मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत उभी राहिले. मागे रांग होती.

मी कोरा कागद परत दिला. म्हटलं, आहे तसाच घ्या.

त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली. दुपारच्या शिफ्टला दुकानात वेळेवर पोचले.